वाटेवरचं पिठलं

रामकृष्णहरी मंडळी. मागं आवाज पोचतोय ना? नसेल पोचत तर हात वर करा... कुणीच केला नाही. म्हणजे एक तर पोचतोय, नाही तर मी काय विचारलं तेच ऐकू आलं नाही. असो.

काल कीर्तन आटोपलं, लोक बुक्का लावून निघाले आणि एक आजी मागं थांबल्या. मला म्हणाल्या, "बुवा, तुम्ही सांगितलंत, वासना सोडा. मी सोडल्या. दागिने सुनेला दिले, कपाटाची किल्लीही दिली. पण दुपारी चारचा आल्याचा चहा काही सुटत नाही. तो मिळाला नाही तर हातात माळ धरवत नाही. हे पाप का हो?"

आता काय सांगू? मी स्वतः इथं उभा राहायच्या आधी दोन कप घेऊन आलोय. आमचे पेटीवाले अनंतराव हसतायत, कारण त्यांनी तीन घेतलेत.

पण आजींचा प्रश्न साधा नाही बरं. माणसाला काहीतरी आवडतं. कुणाला चहा, कुणाला सकाळचा पेपर आधी आपणच उघडायचा असतो, कुणाला प्रवासात खिडकीच हवी. छोट्या छोट्या गोष्टी. देवानं जीभ दिली ती काय फक्त नाम घ्यायला? मग गोड आणि तिखट कळायची सोय त्यानं कशाला केली? आवड हे पाप का? आणि नसेल, तर मग ती कुठं जाऊन पाप होते? रात्रभर मी विचार केला, आणि मला दिगंबर शेट्ये आठवले. ऐका.

हे दिगंबरराव सांगलीचे. म्हणजे राहायला सांगलीला, मूळ राजापूर तालुक्यातले. पाटबंधारे खात्यात होते. नोकरीची तीस वर्षं धरणं आणि कालवे मोजत हिंडले. आता असा हिंडणारा माणूस जेवणार कुठं? टपरीत, खानावळीत, कुणाच्या ओसरीवर. हळूहळू त्यांना नाद लागला. कुठल्या गावात काय खावं, हे त्यांना तोंडपाठ. तुम्ही नुसतं गावाचं नाव घ्या. दिगंबरराव डोळे मिटणार आणि सांगणार, "स्टँडच्या मागं, पिंपळाखाली. भजी. पण चारच्या आत जा, नंतर तेल बदलत नाही."

दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. सज्जन माणूस. फक्त घरची मंडळी प्रवासाला निघाली की बिचारी सुकायची. कारण देवदर्शनाला निघालेली गाडी आधी वड्याला जायची. त्यांची बायको शालिनीबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या नकाशात रस्ते नाहीतच, नुसती हॉटेलं आहेत."

निवृत्त झाल्यावर चौथ्या वर्षीची गोष्ट. डिसेंबर महिना. लेक केतकी आणि जावई हर्षद बंगळूरहून आले होते. दोन वर्षांनी आले होते. केतकीनं ठरवलं, सगळ्यांनी चार दिवस समुद्रावर जायचं. देवगडच्या बाजूला खोल्या घेतल्या. आणि तिनं आणखी एक गोष्ट केली. म्हणाली, "बाबा, वाटेत आत्याकडं जेवू आणि आत्यालाही बरोबर घेऊन जाऊ."

आत्या म्हणजे दिगंबररावांची थोरली बहीण, अक्का. वय चौऱ्याहत्तर. अणुस्कुरा घाट उतरला की पुढं एका वाडीत एकटी राहायची. दिगंबर तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ही पंधराची. हिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. लग्न केलं ते त्याला कोल्हापूरला शिकायला पाठवल्यावर. नवरा लवकर गेला, मूल नाही. समुद्र तिच्या घरापासून तास-दीड तासावर. पण नुसतं किनाऱ्यावर बसायचं म्हणून ती उभ्या जन्मात कधी गेली नव्हती. लग्नाला गेली, बारशाला गेली, मयताला गेली. गंमत म्हणून? छे.

केतकीनं फोन केला तेव्हा अक्का आधी म्हणाली, "मी कशाला गो?" आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला विचारत होती, "वाळूत चालायला चप्पल कुठली घेतात?"

मंडळी, बायका गप्प झाल्या बघा. तुमच्यातल्या किती जणी फक्त लग्नाकार्यापुरत्या घराबाहेर पडल्यात, ते मी विचारत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी दिगंबररावांनी फोन केला. "अक्का, एकच्या आत येतो. पानं मांडून ठेव."

अक्का म्हणाली, "घावन करते तुझ्यासाठी. नारळाचा रस पण. सावकाश या."

आठला गाडी सुटली. हर्षद चालवत होता. कोल्हापूर मागं पडलं, पावणेअकराला मलकापूर आलं. सगळं वेळेत. आणि थोडं पुढं गेल्यावर एक फाटा आला. दिगंबरराव एकदम सरसावून बसले. म्हणाले, "हर्षद, जरा थांब."

त्या फाट्यानं आत वीस किलोमीटरवर एक धरण होतं. ऐन तरुणपणी त्यांनी त्याची मोजणी केली होती, आणि तिथं एका पत्र्याच्या खोपटात एक म्हातारा चुलीवर पिठलं करायचा. हिरव्या मिरचीचं, लसणाचं, तळाला खरपूस धरलेलं. बरोबर नाचणीची भाकरी. तीस वर्षं ती चव त्यांच्या जिभेच्या टोकावर बसून होती.

हसा. पिठल्यासाठी चाळीस किलोमीटर. घरी बायकोनं केलं तर म्हणाल, आज भाजी नव्हती वाटतं?

शालिनीबाई म्हणाल्या, "अहो, अक्का जेवायच्या थांबतील."

"तासाभराचा तर प्रश्न आहे. पुन्हा या रस्त्यानं आपण कधी येणार?"

"मग त्यांना फोन करून सांगा, उशीर होईल म्हणून."

आता इथं नीट लक्ष द्या, मंडळी. सगळी कथा या एका जागी आहे. फोन खिशात होता. रेंज होती. दिगंबररावांनी फोन हातात घेतलाही. आणि त्यांच्या मनात आलं, आत्ता सांगितलं तर अक्का म्हणेल, दिगू, सरळ ये रे, मी रस काढलाय. ती असं म्हणाली की मग ते पिठलं काही गोड लागायचं नाही. तिच्या आवाजासकट खावं लागेल. त्यापेक्षा नकोच. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "वाटेत करतो."

आणि वाटेत रेंज गेली.

खोपटाच्या जागी आता विटांची खोली होती. म्हातारा केव्हाच वारला होता, त्याची सून बघायची. ती म्हणाली, "दादा, चूल आत्ता पेटवतेय. तासभर लागंल."

शालिनीबाई म्हणाल्या, "निघू या."

दिगंबरराव म्हणाले, "एवढं आलोय तर."

हे 'एवढं आलोय तर' फार वाईट, बरं का. माणूस अर्ध्याहून अधिक चुका याच्या जोरावर पुऱ्या करतो.

तासाभरानं ताटं आली. आणि खोटं कशाला सांगू, पिठलं उत्तम होतं. सुनेनं म्हाताऱ्याच्या हातची चव उचलली होती. दिगंबररावांनी पहिला घास घेतला आणि त्यांना तिशीतला स्वतः दिसला. उन्हानं रापलेला, टेप खांद्यावर, आणि पोटात आग. त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. जावयाला म्हणाले, "बघ, सांगितलं होतं की नाही?" हर्षदनंही मनापासून मान डोलावली. त्या घटकेला त्या माणसाइतकं सुखी जिल्ह्यात कुणी नव्हतं.

ते सुख खरं होतं. मी त्याची थट्टा करणार नाही.

सव्वादोनला गाडी परत फाट्यावर आली आणि शालिनीबाईंच्या फोनची घंटी वाजायला लागली. येऊन गेलेल्या फोनांचे निरोप. अक्काचे चार फोन. पहिला एकला, शेवटचा पावणेदोनला. शालिनीबाईंनी लगेच लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. तसंच.

"परसात असेल," दिगंबरराव म्हणाले.

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. केतकी मागं वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्याला कळवलं नव्हतं?"

"रेंज नव्हती ना."

"फाट्यावर होती."

दिगंबररावांनी आपल्या फोनवरून अक्काचा नंबर लावला. नुसताच वाजत राहिला. अणुस्कुरा घाटाची वळणं एरवी किती सुंदर. त्या दिवशी कुणाला दिसली नाहीत. दिगंबररावांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. अक्काला साखरेचा आजार. दोन वेळा इन्शुलिनची सुई. सुई घेतल्यावर अर्ध्या तासात ती जेवते. आणि आपण तिला काय सांगितलं? एकच्या आत येतो, पानं मांडून ठेव. म्हणजे तिनं साडेबाराला सुई घेतली असेल. मग ती जेवली असेल का?

उत्तर त्यांना माहीत होतं. भाऊ यायचा असताना अक्का आधी जेवली, असं त्यांच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं.

पावणेचारला गाडी दारात थांबली. दार उघडं. पडवीत खुर्चीवर अक्का बसलेली. नवं लुगडं, केसांत अबोली, पायाशी बांधलेली पिशवी. मान एका बाजूला कललेली, अंगावर घाम इतका की पोलकं भिजलेलं. दिगंबररावांनी खांद्याला धरून हलवलं. "अक्का. अगं अक्का."

तिनं डोळे उघडले. त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कोण तुम्ही?"

मंडळी, ज्या माणसानं तुम्हाला बोलायला शिकवलं, त्यानं तुम्हाला 'कोण तुम्ही' विचारावं. दिगंबरराव तिथंच जमिनीवर बसले.

शालिनीबाईंनी मात्र ओळखलं. "साखर उतरलीय," म्हणाल्या आणि आत धावल्या. पण साखरेच्या आजाराच्या माणसाच्या घरात साखर कुठं सापडायची? डबे उघडले, फडताळ धुंडाळलं. ओट्यावर झाकून ठेवलेलं पातेलं होतं. नारळाचा रस. गूळ घातलेला, वेलची लावलेली, भावासाठी केलेला. त्यांनी वाटीत घेतला, शेजारी उरलेला गूळ कुस्करून घातला आणि बाहेर आणला. केतकीनं आत्याला टेकवून बसवलं. गिळता येतंय हे बघितलं, मग चमच्यानं थोडा थोडा घातला. आधी ओठाच्या कडेनं ओघळला. मग एक घोट खाली गेला, मग दुसरा. हर्षद शेजारणीला घेऊन डॉक्टर बघायला गेला.

दहा मिनिटं. घड्याळातली दहा. दिगंबरराव अक्काचे पाय धरून बसले होते आणि पायाला झिणझिण्या आल्या तरी हलत नव्हते.

हळूहळू घाम थांबला. नजर ठरली. अक्कानं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं आणि मग खाली बसलेल्या भावाकडं बघून म्हणाली, "दिगू, जेवलास?"

काय उत्तर द्यायचं? तोंडाला अजून लसणाचा वास होता. 'नाही' म्हणावं, तर ही उठून तव्याकडं जाईल. 'हो' म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? एक क्षण त्यांच्या मनात खोटं आलं. गाडी बिघडली, असं काहीतरी. जावयानं सांभाळून घेतलं असतं. पण समोर ते डोळे होते.

"जेवलो अक्का. वाटेत पिठलं खाल्लं."

"चांगलं होतं?"

"होय. चांगलं होतं."

"मग बरं," अक्का म्हणाली.

ती रागावली असती तर दिगंबररावांना सोपं गेलं असतं. रागाला तोंड देता येतं. या 'मग बरं'ला काय करणार?

ते म्हणाले, "मी तुला फोन करू शकत होतो. मुद्दाम केला नाही. तू ये म्हणशील म्हणून."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ते काय आज आहे? तू शाळेतून येताना बाजारात शेव खाऊन यायचास. मला वास यायचा. मी ताट घेऊन बसलेली असायचे. तेव्हा चालायचं रे. भूक सोसायची. आता नाही सोसत, दिगू. वय झालं."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण मुलगी. रक्त तपासलं, साखर अजून कमीच होती. अक्काला समोर बसवून भात खायला लावला. आणि मग बोलल्या त्या दिगंबररावांना नाही, अक्काला. "आजी, सुई घेतली की जेवायचं. कुणी येवो न येवो, प्रत्यक्ष देव येणार असला तरी. हा हट्ट तुमचा आहे. आणखी तासभर गेला असता तर मी येऊन काय केलं असतं?"

अक्का म्हणाली, "तो आल्याशिवाय घास उतरत नाही हो."

"उतरवायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बघा, मंडळी. एकट्या दिगंबररावांचाच नाद होता असं नाही. याला खायचा नाद, तिला थांबायचा. आपण खाणाऱ्याला नावं ठेवतो आणि थांबणाऱ्याची आरती करतो. पण ती पोर खरं बोलली. थांबणाराही स्वतःला विसरतो, आणि त्याचं ओझं मग दुसऱ्याच्या जिवावर येतं.

दोन दिवस प्रवास नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. अक्कानं मुलांना हट्टानं पुढं पाठवलं. "खोल्या घेतल्यात, वाया कशाला?" शालिनीबाईही त्यांच्याबरोबर गेल्या, कारण नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून त्यांना कळलं होतं की या दोघांना एकटं सोडलं पाहिजे. शहाणी बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव म्हणाले, "आज स्वयंपाक मी करतो."

अक्का हसली. गावोगावचं खाल्लेला हा माणूस, पण उभ्या आयुष्यात ह्यानं तवा तापवला नव्हता. पहिलं घावन फाटलं. दुसरं चिकटलं. तिसरं उलटताना अर्धं ओट्यावर. अक्का स्टुलावर बसून सांगत होती, "आच कमी कर. झाकण ठेव. बोलू नको, लक्ष दे." चौथं बरं निघालं.

साडेबाराला तिनं सुई घेतली. एकला दिगंबररावांनी तिचं एकटीचं पान मांडलं.

"तुझं कुठाय?"

"मी मागनं बसतो. तू आधी."

"भावाच्या आधी मी? कधी बसलेय का?"

"म्हणूनच बस."

ती बसली. पहिला घास हातात धरून भावाकडं बघत राहिली. मग खाल्ला. चार दात उरलेली म्हातारी. घावनाचा तुकडा, उसळीचे चार दाणे, मग पाण्याचा घोट. सव्वा वाजला. दीड वाजला. दिगंबररावांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. समोर वास दरवळतोय, हात स्वतःचा आहे, तवा समोर आहे, आणि खायचं नाही, कारण समोरच्या माणसाचं होईपर्यंत थांबायचं ठरवलंय. तीस वर्षं भुका काढल्या, पण ही भूक त्यांना माहीत नव्हती. कुणासाठी तरी धरलेली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की अक्का अशी किती वर्षं बसली असेल. शेवेचा वास घेऊन आलेल्या पोरासमोर. काही न बोलता.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्कानं विचारलं, "काय रे?"

"धूर लागला."

अक्का म्हणाली, "गॅस आहे दिगू," आणि पुढचा घास घेतला.

तिसऱ्या दिवशी हर्षद येऊन दोघांना घेऊन गेला. अक्का समुद्रावर पोचली. वाळूत चप्पल काढून तीन तास बसली. केतकीनं विचारलं, "आत्या, कसं वाटतंय?" तर म्हणाली, "पाणी खूप आहे." आणि एवढ्यानं समाधान झाल्यासारखी पुन्हा समोर बघत बसली. संध्याकाळी सातला तिची जेवायची वेळ झाली, तेव्हा ती आपणहून उठली आणि म्हणाली, "मी घेते हो जेवून. तुम्ही या मागनं." चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली.

पुढं अक्का पाच वर्षं होती. दिगंबररावांनी खाण्याचा नाद सोडला का? मुळीच नाही. सोडला असं सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. अजून गाडी वळवतात. फक्त फाटा आला की आधी फोन करतात, पलीकडचं माणूस काय म्हणतं ते पुरतं ऐकून घेतात. कधी कधी ऐकल्यावर गाडी सरळच नेतात. त्या दिवशी जरा गप्प असतात, एवढंच.

तर आजींना माझं उत्तर असं. चहा घ्या. आल्याचा घ्या, चारला घ्या. पिठलं पाप नव्हतं, मंडळी. वीस किलोमीटर वाकडी वाट पाप नव्हती. खिशात परत गेलेला तो फोन पाप होता. आपलं सुख बिघडू नये म्हणून आपण ज्याचा आवाज ऐकायचं टाळतो, तिथं आवड संपते. तिथून पुढं जे काही आहे त्याला गोड नाव देऊ नका.

आणि आता मला सांगा. तुम्ही इथं बसलायत. देवाच्या दारात, चांगलं ठिकाण. पण घरी कुणी आहे? म्हातारी आई, आजारी नवरा, दिवसभर राबलेली सून? 'ते कीर्तनाहून आल्यावर जेवू' म्हणून कुणी ताट झाकून बसलंय का? तुम्ही निघताना त्यांना जेवून घ्या म्हणालात का? की म्हणायचं राहिलं? की मुद्दाम राहू दिलं, कारण घरी गेल्यावर गरम वाढणारं कुणी लागतं?

मलाही एक नाद आहे, आणि तो तुम्हाला कळलाय. बोलायचा. मी आज ठरल्यापेक्षा पाऊण तास जास्त बोललोय आणि तुम्ही भिडेपोटी बसून आहात. मघापासून तो खांबाजवळचा माणूस तीनदा घड्याळ बघून गप्प बसला. दादा, तुमच्या घरी कोण थांबलंय? आई? मग उठा. प्रसाद हातात घ्या आणि निघा. आरती मी आणि अनंतराव म्हणतो, दोन आवाजांत भागेल. उठा, लाजू नका. देव इथंच आहे, तो उद्याही भेटेल. आईला आधी जेवू घाला.